रेगुलाबाईने विझवलेली भट्टी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये आगगाडी नव्हती, हॉटेलं नव्हती आणि चॉकलेट कुणी चाखलंसुद्धा नव्हतं तेव्हा, डोंगराखाली एका तळ्याच्या काठी झेलबर्ग नावाचं शहर होतं. शहर कसलं, आधी तिथे एका साधूची झोपडी होती. साधूपाठोपाठ मठ आला, मठापाठोपाठ बाजार आला, आणि बाजार आला की भांडणं येतात म्हणून तटबंदी आली. डोंगरात लाकूड उदंड, त्यामुळे घरं लाकडाची आणि छपरंही लाकडी फळ्यांची. पाहायला मोठं देखणं, पण खरं सांगायचं तर ती माणसं सरपणाच्या ढिगात राहत होती.

आणि त्या ढिगावर फुंकर घालायला एक वारा होता. त्याला तिकडे फ्योन म्हणतात. बर्फाच्या डोंगरावरून तो खाली कोसळतो, आणि बर्फावरून येऊनही गरम आणि कोरडा असतो. तो सुटला की माणसांची डोकी दुखतात, गाई पान्हा चोरतात, आणि एरवी गोडीने नांदणारी नवराबायको एका वाटीवरून कडाकडा भांडतात. अशाच एका वाऱ्यात कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि सकाळी उभं असलेलं झेलबर्ग दुपारी राखेचा ढीग होऊन बसलं.

लोकांनी पुन्हा शहर उभं केलं. या वेळी भिंती दगडाच्या घातल्या. छपरं मात्र पुन्हा लाकडाचीच, कारण माणूस एका वेळी अर्धाच शहाणा होतो. मग पंचांनी नियम केला की फ्योन सुटला की घराघरातला विस्तव विझवायचा. चूल नाही, भट्टी नाही, तोंडातली चिलीमही नाही.

नियम करणं सोपं असतं. तो पाळायला लावला रेगुलाबाईने.

रेगुलाबाई पाव भाजायची. तिचा बाप वाऱ्याचा पहारेकरी होता. तो वारला तेव्हा त्याच्या जागी कुणाला नेमावं याची चर्चा पंच करत बसले, आणि त्यांची चर्चा चालू असतानाच वारा सुटला. रेगुलाने बापाची काठी उचलली, बादली उचलली आणि ती घरोघर फिरली. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण तिला काढायची हिंमतही पुढे कुणाला झाली नाही.

वारा यायच्या आधीच तिला कळायचा. काथवटीतली कणीक फुगायच्या आत वरून कोरडी पडली की ती हात धुवायची आणि पहिली बादली स्वतःच्या भट्टीत ओतायची. भाजायला घातलेले पाव तसेच कच्चे राहायचे. नगरप्रमुखाच्या मुलीच्या लग्नात मुदपाकखान्यात हंसपक्षी भाजत होते, तिथेही ती शिरली आणि सगळ्या वऱ्हाडादेखत तिने पाणी ओतलं. वऱ्हाड शिळा पाव आणि लोणचं खाऊन उठलं. नवरी तेवढी हसली, म्हणून तिचा संसार सुखाचा झाला, असं म्हणतात.

रेगुलाबाईला शिव्या देणारी माणसं पुष्कळ होती. त्यांत सर्वांत पुढे लोहार हाइनी. अंगाने रेड्यासारखा आणि आवाजाने त्याहून दांडगा.

मग एक हिवाळा असा आला की रेगुलाबाईची लेक बार्बल बाळंतपणाला माहेरी आली. जावई कुठल्या तरी परक्या राजाच्या फौजेत भाडोत्री शिपाई म्हणून गेला होता. दिवस भरायच्या आधीच बार्बल मोकळी झाली. मुलगी झाली, पण ओंजळीत मावेल एवढी, आणि रडायचीसुद्धा ताकद नसलेली. बार्बल तापाने फणफणत होती, थंडी वाजून तिचे दात वाजत होते. तिच्या कुशीत मुलीला ऊब मिळेना. तेव्हा रेगुलाबाईने काथवट रिकामी केली, तीत लोकर अंथरली, नात तीत निजवली आणि काथवट भट्टीच्या भिंतीला लावून ठेवली. दगडाच्या त्या गारढोण घरात तेवढी एकच जागा उबेची होती. मुलगी तिथे जगू लागली. नाव ठेवलं एल्सी.

आणि एका सकाळी परातीत मळून ठेवलेली कणीक वरून कोरडी पडली.

रेगुलाबाई बराच वेळ त्या कणकेकडे बघत उभी राहिली. बाहेर खिडक्यांची दारं आपटायला लागली होती.

"आई," अंथरुणातून बार्बल म्हणाली, "एवढी एक भट्टी राहू दे. दार लावून घे. कोण बघायला येतंय?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात हाइनी लोहार होता, आणि त्याच्यामागे अर्धी गल्ली. हा आता तोंड सोडणार असं बार्बलला वाटलं. पण हाइनीने टोपी काढून हातात घेतली.

"मावशी, आम्ही सगळे बोललो. आमच्या चुली आम्ही विझवल्यात. तुमची भट्टी तेवढी पेटती राहू द्या. आम्ही भरल्या बादल्या घेऊन दाराशी बसतो."

"हाइनी, तुझी बायको बाळंतीण होती तेव्हा मी तुझी चूल विझवली होती."

"विझवली होती. मी तुम्हाला फार शिव्या दिल्या. त्या आज परत घेतो."

"परत नको घेऊस," रेगुलाबाई म्हणाली. "तुझा लेक आणि माझी नात या वाऱ्याला वेगळी दिसत नाहीत."

तिने बादली उचलली. आयुष्यभर उचललेली तीच बादली त्या दिवशी तिला जड झाली, असं म्हणतात. भट्टी चरचरली, वाफ झाली, आणि घर बघता बघता गार पडलं. बार्बलने भिंतीकडे तोंड फिरवलं. रेगुलाबाई रडत होती आणि ते तिने कुणापासून लपवलं नाही. तिला अजून सगळं शहर फिरायचं होतं, कारण फिरलं नाही तर कुठे ना कुठे विस्तव राहणारच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ते मूल, आणि ती उंबऱ्यात उभी.

"इकडे द्या," हाइनी म्हणाला.

त्याने कातडी झगा सोडला, सदऱ्याची बटणं काढली आणि मूल छातीशी धरलं. जन्म निखाऱ्यांसमोर गेलेला माणूस तो. त्याच्या शेजारी निजलं की पांघरूण लागत नाही, असं त्याची बायको म्हणायची. मुलगी त्या केसाळ छातीवर चिकटली आणि हळूहळू तिचे ओठ पुन्हा लाल झाले. हाइनी दमला तेव्हा त्याच्या बायकोने घेतलं, मग विणकरणीने, मग मठातल्या एका खोकणाऱ्या म्हाताऱ्या साधूने, आणि मग नगरप्रमुखाच्या त्या लेकीने, जिच्या लग्नातले हंस कच्चे राहिले होते. वारा वाहत होता तोवर ते मूल कुणी खाली ठेवलं नाही. ज्या घरात एल्सी असेल त्या घराशी येऊन वारा थबकायचा आणि वळसा घालून पुढे जायचा, असं म्हणतात. मी सांगतो आहे ते जसं ऐकलं तसं.

वारा पडायच्या आदल्या संध्याकाळी रेगुलाबाईच्या भट्टीचं धुराडं कोसळलं. विटा आणि काजळी थेट शेजारच्या लाकडी छपरावर पडली. हाइनी शिडी लावून वर चढला. त्याने एक वीट हातात घेतली. ती थंड होती. छपराखाली उभ्या असलेल्यांना त्याने ती एकेकाच्या हातात दिली, आणि काय टळलं ते मग कुणाला बोलून दाखवावं लागलं नाही.

बार्बल तापातून उठली आणि एल्सी जगली. पुढे एल्सी चांगली धडधाकट, मोठ्या तोंडाची बाई झाली आणि आजीची काठी घेऊन शहरभर फिरली.

रेगुलाबाई गेली, पण फ्योन सुटला की ती अजून फिरते, असं म्हणतात. पुढे एकदा परकी फौज शहर जिंकून तळ्याकाठी उतरली आणि भर वाऱ्यात शिपायांनी शेकोट्या पेटवल्या. सकाळी एकूण एक शेकोटी चिंब भिजलेली. पहारेकरी म्हणाले, एक म्हातारी आली होती, तिची भाषा आम्हाला येत नव्हती, पण ती काय बोलली ते सगळं समजलं. मग आगगाडी आली, हॉटेलं झाली. वारा सुटला की वेटर अदबीने वाकून साहेबांच्या तोंडातली सिगार काढून घेऊ लागले. छपरांवर कौलं चढली, वीज आली, आगीचे बंब आले. आता खरं तर त्या नियमाची गरजही उरलेली नाही.

पण फ्योन सुटला की झेलबर्गमध्ये अजून कुणी चूल पेटवत नाही. आणि शहरात सगळ्यांत लहान जे मूल असेल त्याला घरोघर नेतात आणि प्रत्येक घर त्याला थोडा वेळ मांडीवर घेतं. याला तिथे 'रेगुलाची मांडी' म्हणतात.

अलीकडे श्रीलंकेतल्या जाफन्याहून तवमणी नावाची एक बाई नवऱ्याबरोबर तिथे राहायला आली. तिला महिन्याचं मूल होतं आणि भाषा येत नव्हती. वारा सुटला आणि दारात पोस्टमन, त्याची आई आणि चार अनोळखी माणसं येऊन उभी राहिली आणि मुलाकडे हात पसरू लागली. घाबरून तिने मूल घट्ट धरलं. कुणी ओढून घेतलं नाही. मग तीच त्यांच्याबरोबर निघाली, आणि घरोघर अनोळखी मांड्यांवर आपलं मूल झोपी जाताना शेजारी बसून बघत राहिली.

पुढच्या वर्षी फ्योन सुटला तेव्हा तवमणीच्या शेगडीवर सांबार उकळत होतं. तिने शेगडी बंद केली, हात धुतले आणि मांडी घालून दाराशी बसली. त्या वर्षीचं मूल यायचं होतं.