परत न आलेल्या वाट्या

"सातवेस नगरीत अडचणीत असलेलं एकही घर नाही!" प्रधानजींनी भर दरबारात सांगितलं, आणि पिकदाण्या उचलणारी भिवरा फिस्सकन हसली.

झालं होतं असं. दुर्धरराजाच्या लाडक्या हत्तिणीला पिल्लू झालं होतं. पिल्लाला डुंबायला संगमरवरी हौद हवा, हौदाला पैसा हवा, म्हणून चूलपट्टी दुप्पट करायचं राजाने ठरवलं. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं की लोकांचं आधीच कठीण चाललंय. राजा हट्टी असला तरी दुष्ट नव्हता. त्याने प्रधानजींना चौकशीला धाडलं. प्रधानजी भालेकरी घेऊन दारोदार फिरले. "काय, बरं चाललंय ना?" ते विचारायचे. भाल्याच्या टोकाकडे बघत दहा हजार घरांनी एकच उत्तर दिलं, "उत्तम!"

"कोण हसलं?" राजा गरजला.

"मी, महाराज. भिवरा. तुमच्या वाड्यातली भांडी घासते."

"हसायला काय झालं?"

"दारात आलेल्या माणसाला घरातला रिकामा डबा कोण उघडून दाखवतं? तेही भालेवाले घेऊन आलेल्या?"

प्रधानजींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. राजा मात्र हट्टाला पेटला.

"मग तूच सांग, किती घरं अडचणीत आहेत ते! कुणाला एक शब्द विचारायचा नाही, कुणाच्या घरात डोकवायचं नाही. महिन्याची मुदत! आकडा आणलास तर चूलपट्टी वाढणार नाही. नाही आणलास, तर दुप्पट पट्टी तूच वसूल करायचीस. दारोदार फिरून!"

ज्या बायकांबरोबर रोज पाणी भरायचं, त्यांच्याच चुलीपुढे जाऊन पैसे मागायचे? त्यापेक्षा हत्तीच्या पायाखाली गेलेलं बरं! रात्रभर भिवरा या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी राखेने भांडी घासता घासता एकदम थांबली आणि तशीच, राखेच्या हातांनी, राजापुढे गेली.

"महाराज, पिल्लाचं बारसं झालं का?"

"नाही अजून."

"मग करा की! आणि घरटी वाटीभर शिरा वाटा. तुमच्या लग्नाच्या पंगतीतल्या वाट्या कोठीत धूळ खात पडल्यात."

असलं खूळ राजाला आवडणारच. पिल्लाचं नाव ठेवलं लाडोबा. पाळणा म्हणायला बायका आल्या, पण पाळण्यात मावेल तर तो हत्ती कसला! घरोघर पितळी वाटीतून शिरा गेला, आणि बरोबर निरोप गेला, "वाटी सवडीने वाड्याच्या दारात आणून ठेवा."

वाट्या परत येऊ लागल्या. शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करत नाही, मग राजाची कशी करणार? कुणी साखर घातली, कुणी खोबऱ्याचा तुकडा, कुणी खारका. एका काकूंनी तर आमसुलं धाडली, लाडोबाला पित्त होऊ नये म्हणून.

महिना सरत आला तसा कोतवाल मिशा पिळत दरबारात आला. "महाराज, सात हजार वाट्या आल्या. तीन हजार घरांनी वाट्या चोरल्या! हुकूम द्या, एकेकाला फोडून काढतो!"

"चोरल्या नाहीत," भिवरा पुढे झाली. "हाच तुमचा आकडा, महाराज. तीन हजार."

"तो कसा?"

"ज्या घरात वाटीत घालायला चिमूटभर साखर नाही, त्या घरातल्या बाईने वाटी परत करायची कशी? आज घालू, उद्या घालू म्हणत ठेवून दिली असेल बिचारीने. घासूनपुसून."

"बोलायला काय जातंय! सिद्ध कर!" राजा म्हणाला.

"करते. सातही वेशींत साखरेची पोती ठेवा. दवंडी द्या, लाडोबाच्या नावाने साखर, ज्याला लागेल त्याने न्यावी. आणि पहारा काढून घ्या."

"पहारा काढून?" कोतवाल किंचाळला. "पोत्यासकट नेतील!"

"नेली तर तुमचं म्हणणं खरं, ते चोरच. मी निघते वसुलीला."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाड्याच्या दारात पाय ठेवायला जागा उरली नाही. वाट्याच वाट्या! प्रत्येक वाटी लखलखीत, प्रत्येकीत चिमूटभर साखर. वेशींतली पोती निम्मीसुद्धा झाली नव्हती. कोतवालाने वाट्या दोनदा मोजल्या.

"चार कमी आहेत, महाराज! चार चोर आहेतच!"

"दहा हजार घरांत चार?" भिवरा म्हणाली. "कोतवालसाहेब, या दरबारात मोजायला बसलात तर चारावर थांबाल का?"

दरबारी एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले. राजाने एक वाटी उचलली, बोटाने साखर चाखली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, ही तर माझीच साखर! माझीच साखर मला परत करून वर रीत पाळल्याचा मान घेतात?"

"मग काय झालं, महाराज? दर दसऱ्याला तुम्ही आमच्याच चूलपट्टीतून आम्हाला बक्षिसी वाटता. आम्ही मुजरा करून घेतोच की!"

कोतवालाचा हात तलवारीकडे गेला. आणि राजा हसला! असा हसला की मुकुट कानावर आला आणि बाहेर लाडोबा घाबरून ओरडायला लागला. चूलपट्टी वाढवायचा हुकूम त्याने तिथल्या तिथे फाडला, वेशींत साखरेशेजारी धान्याचीही पोती ठेवायला सांगितली, आणि भिवराला पाच दुभत्या म्हशी दिल्या. त्या तिच्या घरापर्यंत हाकत नेण्याचं काम कोतवालाकडे आलं.