आवळलेलं बूच

"बुवा, हे निघत का नाही?"

तुळाजीनं पाना सोडला आणि तळहातावर फुंकर घातली. शिकंज्यात देवीची ठासणीची बंदूक आडवी धरलेली. नळीच्या बुडाचं आट्यांचं बूच काही केल्या हलेना. आत वर्षाची काजळी साचलेली. ती निघाल्याशिवाय बार उडायचा नाही, अन् बार उडाल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत, अशी गावाची रीत. देवळाकडं ढोल तर वाजू लागलेसुद्धा.

गुणाजीबुवा लोहारसाळेच्या उंबऱ्यात शेंगा फोडत बसले होते. नळीच्या तोंडातून गज घालून ती रिकामी असल्याचं त्यांनी आधीच पाहून घेतलं होतं. त्यानंतर ते आपले शेंगांपाशी.

"गेल्या साली बसवलं कुणी?"

"मी."

"कसं बसवलंस?"

तुळाजीची छाती आपसूक फुगली. "असं आवळलं, की पंचक्रोशीत कुणाच्या बापाला निघायचं नाही."

"मग बरोबर आहे की..." बुवांनी दाणा तोंडात टाकला. "तुझा शब्द राहिला."

दारातले भोई खिदळले. तुळाजीचे कान तापले. पान्याला लांब पहार बांधायला निघाला, तेवढ्यात बुवा उठले. पहार त्याच्या हातून घेऊन भिंतीला टेकवली. बुचाच्या कडेनं तेल सोडलं, अन् पुन्हा उंबऱ्यात.

"आता मी काय करू?"

"तेल करतंय. तू शेंगा खा."

तुळाजीनं शेंगा खाल्ल्या. एक खवट निघाली, तीही गिळली. ढोल जवळ येत होते...

"हं. आता आवळ."

"बुवा, उघडायचंय ते."

"म्हणून तर. केसभर आवळ."

तुळाजीनं देवीचं नाव घेतलं अन् पाना आवळला. कर्र... आतला गंज तुटला. मग उलटा फिरवला, तर बूच मुकाट्यानं फिरू लागलं.

बाहेर आलं ते गंजानं लालभडक; आत्ताचं तेल सोडलं तर कोरडं ठणठणीत.

"चरबी लावली नव्हतीस?"

"मनगट होतं ना माझं," तुळाजी पुटपुटला, अन् त्याचं त्यालाच हसू आलं. मग बुवाही हसले, पोट हलेस्तोवर.

काजळी खरवडली. आटे घासले, पुसले, चरबी माखली. तुळाजीनं पाना उचलला तशी बुवांनी नुसती दोन बोटं वर केली.

त्यानं बोटांनी बूच फिरवत नेलं. बोटं थांबली तिथून पाना लावला. बुचावरची खूण नळीवरच्या खुणेला भिडली... अन् हात आपोआप थांबला.

बार असा उडाला, की पिंपळ कावळ्यांनी रिकामा केला. भोयांनी पालखी उचलली. तुळाजी कानात बोटं घालून लहान पोरासारखा नाचत होता.

नाचता नाचता बुवांपाशी आला. "बुवा, बूच नीट बसलं म्हणायचं ना? बार तर झकास उडाला."

बुवा त्याच्या सदऱ्याला चरबीचा हात पुसत म्हणाले,

"ते पुढल्या साली कळेल... उघडशील तेव्हा."