उत्तियाचं मौन

फार जुन्या काळी एक बंदराचं गाव होतं. गावाजवळ, खाडीच्या मुखाशी उंच कडा होता आणि त्या कड्यात कोरलेला एक विहार होता. तिथे उत्तिय नावाचा भिक्खू राहत असे.

एका वर्षी पावसाळ्याचे तीन महिने त्याने मौन धरलं. ही वार्ता गावात गेली. लोक कडा चढून त्याच्या दर्शनाला येऊ लागले. उत्तिय मान खाली घालून बसे. पण कालच्यापेक्षा आज जास्त माणसं आली, हे बरोबर त्याच्या ध्यानात येई.

व्रत संपायला आठ दिवस उरले होते. सकाळी तो कड्याच्या टोकाशी उभा होता. आदल्या दिवशीच्या पुराने खाडीच्या मुखाशी वाळू आणून टाकली होती. उंचावरून ती पाण्याखाली पिवळसर दिसत होती. होडीतून दिसण्यासारखी नव्हती. गावचा म्हातारा नावाडी बायकोला घेऊन पैलतीरी निघाला होता, तो नेमका त्याच बाजूने.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. शब्द उत्तियाच्या ओठांपर्यंत आला. मग त्याला उरलेले आठ दिवस आठवले. त्याने नुसतं अंगावरचं चीवर हलवलं. नावाड्याने वर पाहिलं, वल्हं सोडून हात जोडले आणि होडी तशीच पुढे घातली.

होडी वाळूत रुतली आणि लाटेने उलटली. कोळ्यांनी बाईला बाहेर काढलं. नावाडी हाती लागला नाही.

तिसऱ्या दिवशी ती बाई फुलं घेऊन विहारात आली. म्हणाली, "भन्ते, तुम्ही वरून आशीर्वाद दिलात, म्हणून मी तरी वाचले."

भोवती माणसं बसली होती. उत्तिय गप्प राहिला असता, तर कुणाला काही कळलं नसतं.

"तो आशीर्वाद नव्हता, माई," तो म्हणाला. "मला वाळू दिसत होती. मी हाक मारली नाही."

बाईने फुलं परत ओच्यात घेतली आणि ती कडा उतरून गेली.

त्यानंतर दर्शनाला कुणी आलं नाही. उत्तिय मात्र रोज ओहोटीला कड्यावर उभा राही आणि वाळू कुठे आहे, ते होड्यांना ओरडून सांगे. अनेक वर्षं त्याने हे केलं. त्या वाटेवर पुन्हा होडी बुडाली नाही. ती बाई पुन्हा कधी वर आली नाही.

दुसऱ्याच्या जिवापेक्षा ज्याला आपलं व्रत प्यारं, त्याचं व्रत केव्हाच मोडलेलं असतं.