राजेसाहेबांकडे अडकलेलं पुस्तक

तांबडवाडीच्या वाचनालयाचं सगळ्यात लाडकं पुस्तक राजेसाहेबांनी आठवड्याच्या बोलीवर नेलं आणि परत म्हणून केलं नाही! तेही नेमकं कधी? दर बाजारच्या दिवशी पारावर ते पुस्तक साऱ्या गावाला वाचून दाखवलं जाई. गोष्टीतला राजपुत्र विहिरीत दोराला लोंबकळत होता आणि शेवटचाच अध्याय उरला होता! दोर तुटतो की टिकतो, यावरून सासवा-सुनांत भांडणं जुंपली. न्हाव्याने त्याच विचारात पाटलांची अर्धी मिशी उडवली.

वाचनालय म्हणजे धर्मशाळेतली एक खोली आणि राजेसाहेबांच्या आजोबांनी दिलेलं एक कपाट. ते सांभाळणारे अंताजीपंत भीत भीत राजवाड्यावर गेले.

"राजाकडून वसुली?" राजेसाहेब गरजले. "आता कुणी पुस्तक मागायचं नाही, चोरायचं नाही! उद्या सूर्य मावळायच्या आत मी स्वतःच्या हातानं दिलं, तर तुमचं. नाहीतर त्या खोलीत माझे घोडे बांधीन!"

गावात परतून पंतांनी कपाळाला हात लावला. बांगड्या विकणारी ठकू कासारीण मात्र ते ऐकून फिदीफिदी हसली. "एवढंच ना, पंत? आणते की!"

दुसऱ्या दिवशी ती राणीसाहेबांना बांगड्या भरायला गेली. राजेसाहेब पुस्तक छातीशी धरून शेजारीच बसले होते. ठकूने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"राणीसाहेब, त्या गोष्टीचा शेवट कळला का? दोर तुटला, राजपुत्र बुडाला!"

"बुडाला?" राजेसाहेब ताडकन उठले. "कोण म्हणतं?"

"सारं गाव म्हणतंय. मग राजकन्येनं प्रधानाशी लगीन लावलं."

"त्या लबाड प्रधानाशी? काहीतरीच काय!"

"जेवणात बुंदीचे लाडू होते."

"लाडूबिडू काही नाहीत! विहिरीतून कासव वर येतं, कासव!"

"कासव?" ठकूने नाक मुरडलं. "महाराज, उगाच थापा मारू नका!"

राजेसाहेब लालबुंद झाले. "मी थापा मारतो? हे बघ! शेवटचं पान! वाच!" त्यांनी पुस्तक तिच्या हातात कोंबलं.

ठकूने ते पदराआड घेतलं आणि झटकन मुजरा केला. "पुस्तक जमा झालं, महाराज!"

राणीसाहेबांना हसू आवरेना. राजेसाहेबांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पण तो लाडवांचा शेवट तुला सांगितला कुणी?"

"कोण सांगणार? शेवट ठाऊक असता, तर पुस्तकासाठी एवढा खटाटोप कशाला केला असता!"

राजेसाहेब असे हसले, की पागोटं निसटून पडलं! ठकूला जरीचं लुगडं मिळालं, वाचनालयाला पुस्तकांनी भरलेलं नवं कपाट मिळालं. आणि त्याच संध्याकाळी पारावर शेवटचा अध्याय खुद्द राजेसाहेबांनी वाचला, कासवाच्या आवाजासकट!