राजवाड्यातली भामा हत्तीण

फार फार वर्षांपूर्वी कोकणातली भामा हत्तीण जहाजातून युरोपातल्या एका राजाकडे नजराणा म्हणून गेली. तिथला राजवाडा पाहून तिचे डोळेच दिपले. झाडांहून उंच उडणारी कारंजी होती, सोन्याची दारं होती, आणि सरदार राजासमोरून उलट्या पावलांनी मागे सरत होते.

"असं का हो चालतात हे?" तिनं शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याला विचारलं.

"राजाला पाठ दाखवायची नसते, बाई. इथं प्रत्येक गोष्टीला नियम आहे."

"केवढी ही शिस्त!" भामा थक्क झाली.

इतक्यात धाकटी राजकन्या कारंज्याच्या हौदात पडली. सरदार काठापर्यंत धावले आणि थबकले. राजकन्येला हात लावायचा मान कोणाचा, यावर त्यांची कुजबुज सुरू झाली. भामानं साखळी तोडली, हौदात सोंड घातली आणि पोरीला अलगद बाहेर काढलं. पोर खोकली आणि मोठ्यानं रडू लागली.

राजा धावत आला. त्याच्या डोक्यावरचा केसांचा टोप वाटेतच गळून पडला होता. बोडक्या राजाकडे पाहायचं नाही, म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यामुळे लेकीला उराशी धरून हमसाहमशी रडणारा बाप एकट्या भामालाच दिसला. त्या अख्ख्या राजवाड्यात तिनं याहून सुंदर काही पाहिलं नव्हतं.