फुकटवाल्यांनी उठायचं

दिल्लीत शिकून मी हट्टानं एसटीची चालक झाले, तेव्हा वाटलं होतं, मोफत प्रवास करणारी म्हातारी माणसं अंग चोरून बसत असतील. आजऱ्याच्या गाडीत गिरजाआजी मात्र खिडकीशी ऐटीत बसायच्या. दवाखान्यातल्या नवऱ्यासाठी त्या रोज डबा न्यायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नसे.

एकदा स्वतःची मोटार बंद पडली म्हणून एक माजी आमदार कार्यकर्त्यांसह गाडीत चढले. पास दाखवून आमदारांच्या राखीव जागेवर बसले आणि गरजले, "तिकीट काढलेली माझी पोरं उभी आणि फुकटे बसलेत? उठा!"

आजी दांडा धरून उठल्या. "बरोबर हाय. फुकटवाल्यांनी उठायचं. साहेब, तुमचाबी पासच की! उठा." मग माझ्याकडे वळल्या. "आणि पोरी, तू तरी कुठं तिकीट काढलंयस? ऊठ."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उभी राहिले.

साहेबांना सभेला उशीर होत होता. अखेर त्यांनी हात जोडले. "बसा, आजी."

विद्यापीठात हक्कांवर कितीतरी भाषणं ऐकली होती. हक्क असा दांडा धरून उभा राहिलेला पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, गिरजाआजी टेकल्याशिवाय गाडी हलवायची नाही.