ओढा ओलांडलेली काठी

फार जुन्या काळी एक डोंगर उघडा पडला, आणि त्याचा दोष एका म्हाताऱ्याकडे जातो. हा म्हातारा त्या मुलुखात सगळ्यांत मानाचा होता, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर गोष्ट संपेपर्यंत तुम्ही त्याच्या पाया पडत बसाल.

डोंगराच्या पायथ्याला गोल पाच गावं होती. पाच गावांच्या पाच उतरणी, मधे ओढे. त्यातल्या एका गावाचा हा म्हातारा नाईक. तरुणपणी त्यानं आपल्या उतरणीवरची कुऱ्हाड बंद केली, हे खरं आहे, आणि ते श्रेय त्याचंच. त्यानं तिवसाच्या चिवट लाकडाची एक सरळ काठी केली आणि नेम घालून दिला. सकाळी ज्या दारात काठी उभी दिसेल, त्या घरानं त्या दिवशी रान राखायचं. सांजेला काठी पुढच्या दारात नेऊन ठेवायची. दारात आलेली काठी कुणी नाकारायची नाही.

काठी दारोदार फिरली आणि रान वाढलं. ऐन, बेहडा, धावडा असे माजले की भर दुपारी खाली ऊन पोचेना. लांबलांबची माणसं बघायला येत. राजानं नाईकाला शेला पाठवला. तो शेला नाईक उन्हाळ्यातही खांद्यावरून उतरवत नसे.

पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. त्या गावात चुली तर रोज पेटत होत्या. मग लाकूड कुठून येत होतं?

ओढ्यापलीकडून. हुकूम नाईकाचाच होता. "आपल्या रानाला हात लावायचा न्हाई. ओढ्यापल्याड काय करायचं ते करा." गावातल्या सगळ्या जाणत्यांनी माना डोलावल्या. मान डोलावायला काही मोल पडत नाही, आणि जाणत्यांना तेवढी मेहनत पुरते.

पलीकडच्या गावाची उतरण तुटायला लागली. तिथले जाणते म्हणाले, दुसरे तोडतायत तर आपण कुणासाठी राखायचं? तेही तोडू लागले, आणि पुरेना तेव्हा त्यांच्या पुढचा ओढा ओलांडून गेले. त्या पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांचं तेच केलं. असं करत करत चार उतरणी बोडक्या झाल्या. नाईकाची तेवढी हिरवीगार. नाईक ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगायचा, "राखणं काय असतं, ते आमच्याकडनं शिकून जा."

अशा माणसाच्या घरात भिवरा सून म्हणून आली. तिचं माहेर ओढ्यापलीकडचंच.

हळद उतरली आणि ती गावातल्या बायकांबरोबर सरपणाला निघाली. ओढा ओलांडून वर चढली आणि तिचे पाय जागीच थांबले. समोर माहेरच्या झऱ्यावरची जांभळांची राई होती. त्या उतरणीवर आता तेवढीच झाडं उभी होती. राई गेली की झरा जाणार आणि झरा गेला की गाव उठणार, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं.

"घाल की घाव," शेजारीण म्हणाली. "कुणाची वाट बघतीस?"

"माझ्या आईची," भिवरा म्हणाली. "ती आता पाण्याला येईल."

बायकांनी कोयते खाली घेतले. त्या दिवशी राईला हात लागला नाही, पण उद्या लागणार होता. भिवरा मोळीशिवाय घरी आली.

नाईक जेवायला बसला तर चूल थंड.

"सूनबाई, हे काय?"

"सरपण न्हाई, मामंजी."

"ओढ्यापल्याड ढीगभर हाय की."

"ते माझं म्हायेर हाय."

"होतं. आता तुझं घर हे आन् तुझं रान बी हे."

"मग ह्या रानातलं तोडून आणू?"

म्हातारा ताठ झाला. "ह्यातली काडी मोडलीस तर याद राख. मी उभं केलंय हे रान."

"आन् त्यांचं आडवं कुणी केलं?"

उत्तर नसलं की मोठी माणसं आपलं वय सांगतात. नाईकानंही सांगितलं. मग पाणी पिऊन तसाच झोपला.

पुढं फिरत फिरत काठी नाईकाच्या दारात आली. नाईक स्वतः कधी राखणीला जात नसे, त्याला मान होता. भिवरा गेली. दिवसभर तिनं ते रान डोळे भरून पाहिलं. रान देखणं होतं, आणि त्या देखणेपणाचा तिला रागही येत होता. सांज झाली तशी काठी शेजारच्या दारात ठेवायची, तर भिवरा शेजारच्या दारावरून पुढं गेली. वेशीवरून पुढं गेली. ओढ्यात उतरली, वर चढली आणि थेट बापाच्या दारात जाऊन तिनं काठी चौकटीला टेकवली.

बापानं काठीकडं पाहिलं. "ही तुमच्या गावची. हितं कशाला?"

"सासरहून आणलीय. ठेवून घ्या."

बाप अडकला. त्या डोंगराभोवती एक रीत होती. लेकीनं सासरहून काही आणलं, मूठभर मीठ का असेना, तर ते परत पाठवायचं नाही. परत पाठवलं म्हणजे लेकीलाच परत पाठवल्यासारखं.

"आमचं रान तासलं त्यांनी," बाप म्हणाला, "आन् राखायचं आम्ही व्हय?"

"तुमचं त्यांनी तासलं, बाबा. तुमच्या फुडच्या गावाचं कुणी तासलं?"

बापानं मागं वळून पाहिलं. त्याची सून त्या पुढच्या गावची होती आणि ती दारातच उभी होती. इतकी वर्षं तिनं माहेरचं लाकूड सासरच्या चुलीत घातलं होतं आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. तिला कुणी विचारलाही नव्हता.

"वन्सं," ती भिवराला म्हणाली, "उद्याची राखण आमची. सांजेला मी काठी फुडं नेते. मी बी कुणाची तरी लेक हाय."

अन् ती घेऊन गेली. तिच्या माहेरच्या घरात चौथ्या गावची सून होती, चौथ्यात पाचव्याची होती. जे ओढे कुऱ्हाडींनी ओलांडले होते, तेच ओढे आता लेकींनी ओलांडले. कुठं शिव्या बसल्या, कुठं दार लावून घेतलं, पण काठी परत कुणी पाठवली नाही. शेवटी पाचव्या गावात दिलेली नाईकाच्या गावची एक लेक डोंगराच्या दुसऱ्या अंगानं काठी घेऊन आली आणि तिनं ती आपल्या आईच्या दारात उभी केली. काठीनं डोंगराला वळसा घातला होता.

मग पाचही गावच्या बायका झऱ्यावरच्या राईत बसल्या आणि त्यांनी नेम वाढवला. काठी ज्याच्या दारात, त्यानं अख्ख्या डोंगराची फेरी घालायची. प्रत्येक गावानं आपल्या ओढ्यावर त्याला एक माणूस जोडून द्यायचं. सरपण म्हणून वाळलेलं आणि पडलेलं तेवढंच उचलायचं, कुणीही, कुठल्याही उतरणीवरचं. फेरीत पाचही गावांची माणसं चालायला लागली तशी कुऱ्हाड उचलायची सोयच राहिली नाही. समोरून आपलाच भाऊ यायचा.

जाणते म्हणाले, हे बायकांचं खूळ टिकायचं नाही. पण खुंटांना धुमारे फुटले. झरा राहिला, गावही राहिलं. बोडक्या उतरणींवर डोक्याएवढी झुडपं झाली, मग घराएवढी झाली. आता वाटसरू कुठल्याही गावात शिरून विचारायचा, "हे रान कुणाचं?" पाचही गावांत एकच उत्तर मिळायचं, "आमचं." ते सांगताना माणसांच्या माना ताठ व्हायच्या, आणि त्या ताठ होण्यात कुणाचं काही हिसकावलेलं नव्हतं.

नाईकाला तेवढंच सोसेना. 'नाईकाचं रान' असं आता कुणी म्हणत नव्हतं. त्यानं ठरवलं, आपल्या गावाची वेगळी काठी करायची, आपल्या गावापुरती. जाणत्यांनी माना डोलावल्या.

काठीला सरळ तिवस हवा होता. चार उतरणींवरचा तिवस त्याच्याच हुकुमापायी कधीच संपला होता, नवे धुमारे बोटाएवढे होते. सरळ तिवस उरला होता फक्त त्याच्या स्वतःच्या रानात. एका सकाळी शेला खांद्यावर टाकून, कोयता घेऊन नाईक आत शिरला आणि त्यानं तिवसाचं एक कोवळं झाड तोडलं.

त्या दिवशी काठी भिवराच्या बापाकडं होती. त्याच्याबरोबर फेरीला चौघं होती, आणि त्यांत नाईकाच्या गावाकडून खुद्द भिवरा. घाव ऐकून सगळे तिकडं वळले.

"रामराम, व्याहीबुवा," बाप म्हणाला. "कवळा हुता की ओ तिवस. कशाला लागला?"

"राखणीला काठी पायजे."

"रान राखायला रान तोडलं?"

"माझं रान हाय."

फेरीतला एकजण हसला. हे वाक्य तो लहानपणापासून ओढ्यापलीकडून ऐकत आला होता.

उभं झाड तोडणाऱ्यानं त्या रानात पुन्हा जन्मात पाय ठेवायचा नाही, असा दंड होता. तो नाईकानंच लावलेला होता, आणि फांदी तोडली म्हणून एका गरीब गुराख्याला त्यानं तो भोगायला लावला होता.

बाप जरा नरमला. "जाऊ द्या. व्याही माणूस हायती, वय झालंय," तो म्हणाला आणि लेकीकडं बघू लागला. बाकीचेही तिच्याकडंच बघू लागले. तिला सांजेला त्याच घरात चूल पेटवायची होती.

भिवरानं हात पुढं केला. "कोयता द्या, मामंजी."

"तू माझ्या घरची सून हायेस."

"व्हय. तुम्हाला सोडलं तर उद्या कुणाला धरू? चला, मी तुम्हाला वेशीपातूर सोडते."

म्हाताऱ्यानं सगळ्यांची तोंडं न्याहाळली. मान डोलावणारं तिथं कुणी नव्हतं. त्यानं कोयता दिला.

त्या डोंगरावर आज शेकरू पहिल्या उतरणीवरून निघतं आणि जमिनीला पाय न लावता पाचवीवर पोचतं.

बोध एवढाच: शेजाऱ्याचं तोडून आपलं राखता येत नाही, रान राखायचं तर अख्खा डोंगर राखावा लागतो.

नाईक पुढं पुष्कळ वर्षं जगला. त्यानं वाढवलेल्या रानात त्याला मरेपर्यंत पाऊल टाकता आलं नाही.